सी मधून हार्डवेअरचा सिरीयल नंबर वाचायचा, पण नेमका कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या बाजार समितीतल्या एका कांदा आडतदारासाठी तुम्ही सी मध्ये हिशोबपट्टीचा प्रोग्रॅम लिहिलात. मालकांनी तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन शेजारच्या गाळ्यातल्या पाहुण्यांना देऊन टाकला. आता प्रोग्रॅम ठरलेल्या कॉम्प्युटरवरच चालावा म्हणून हार्डवेअरचा सिरीयल नंबर वाचायचा आहे. तुम्ही डिस्कचा नंबर घेऊन पाहिलात, तर विंडोज पुन्हा टाकल्यावर तो बदलला. प्रोसेसरचा घेतलात, तर दुकानातल्या दोन्ही कॉम्प्युटरवर हुबेहूब एकच आला. कोडमध्ये चूक कुठे आहे, असं तुम्ही विचारलंय.

कोड बरोबर आहे. तुम्ही वाचलेले दोन्ही नंबर हार्डवेअरचे सिरीयल नंबर नव्हते, एवढंच. यंत्रमाग कारखान्यांची आणि आडतीच्या दुकानांची बिलिंगची कामं मी बरीच वर्षं करतोय, आणि हा घोळ नव्या मुलांच्या कोडमध्ये कायम दिसतो. म्हणून फंक्शन शोधण्याआधी प्रत्येक नंबराला दोन प्रश्न विचारायचे: हा कोणी लिहिला, आणि तो कधी बदलतो? उत्तर मिळालं की कोड लिहिणं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तुमचे दोन नंबर आधी निकाली काढू. गेट-व्हॉल्यूम-इन्फॉर्मेशन हे फंक्शन जो ३२ बिटांचा आकडा देतं, तो डिस्कच्या कारखान्यात लिहिलेला नसतो. पार्टिशन फॉरमॅट करताना विंडोज तो तयार करतं आणि फाइल सिस्टिमच्या पहिल्या सेक्टरमध्ये ठेवतं. कमांड प्रॉम्प्टवर 'व्हॉल' टाइप केल्यावर दिसतो तोच हा. फॉरमॅट केलं की नवा येतो, आणि फॉरमॅट न करताही बदलून देणारी छोटी साधनं फुकट मिळतात. पार्टिशन जसंच्या तसं क्लोन केलं तर हा आकडाही दुसऱ्या डिस्कवर जातो. म्हणजे बदलू नये तेव्हा बदलतो आणि बदलायला हवा तेव्हा तसाच राहतो. (इंटरनेटवर 'हार्ड डिस्क सिरीयल नंबर सी कोड' म्हणून जे सापडतं, त्यातलं निम्मं हेच फंक्शन असतं.)

प्रोसेसरची गोष्ट अधिक रंजक आहे. इंटेलने १९९९ साली पेंटियम ३ मध्ये खरोखरच ९६ बिटांचा सिरीयल नंबर दिला होता. सीपीयूआयडी ही सूचना वापरून कुठलाही प्रोग्रॅम तो वाचू शकत असे. लोकांचा माग काढायला हा वापरला जाईल म्हणून इतका गदारोळ झाला की पुढच्या पिढीत, पेंटियम ४ मध्ये, तो काढून टाकला. आज विंडोज 'प्रोसेसर आयडी' म्हणून १६ अंकांची जी ओळ दाखवतं, तिचे शेवटचे ८ अंक म्हणजे प्रोसेसरची फॅमिली, मॉडेल आणि स्टेपिंग (उपआवृत्ती), आणि पहिले ८ अंक म्हणजे त्याला कोणकोणत्या सोयी आहेत याचे बिट. त्या मॉडेलच्या जगातल्या प्रत्येक प्रोसेसरवर ही ओळ तीच येणार. मालकांनी दोन्ही कॉम्प्युटर एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतले असतील, तर नंबर एकच येणं अगदी रास्त आहे.

आता टर्बो सी या डॉसच्या काळातल्या कंपायलरबद्दल एकदाच बोलतो. कॉलेजात अजून तेच शिकवतात, म्हणून बरीच मुलं जुन्या पुस्तकातला कोड घेतात: डिस्क कंट्रोलरच्या पोर्टवर थेट 'आयडेंटिफाय' आज्ञा पाठवायची आणि ५१२ बाइट वाचून घ्यायचे. डॉसच्या काळात ते चालायचं. आज तुमचा टर्बो सी बहुधा डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालतो, आणि डॉसबॉक्स स्वतःचं खोटं हार्डवेअर दाखवतं. खरी डिस्क त्या प्रोग्रॅमला दिसतच नाही. तोच कोड डॉसबॉक्सबाहेर नव्याने कंपाइल केलात तरी विंडोज साध्या प्रोग्रॅमला पोर्टला हात लावू देत नाही, लगेच अपवाद फेकून प्रोग्रॅम बंद पाडतं. शिवाय ६४ बिट विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत. मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ किंवा व्हिज्युअल स्टुडिओ यांपैकी एखादा आजचा कंपायलर घ्या. फंक्शनची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मी इथे तोडून लिहितोय. कोडमध्ये ती सलग येतात.

मदरबोर्डपासून सुरुवात करू, कारण खरा माल तिथे आहे. बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, सुरू होतानाच मेमरीत एक तक्ता मांडून ठेवतो. त्याला एसएमबायोस म्हणतात. कॉम्प्युटरचा, मदरबोर्डचा, कॅबिनेटचा, रॅमच्या प्रत्येक पट्टीचा असे सगळे नंबर त्यात असतात. पूर्वी हा तक्ता भौतिक मेमरीत एक मेगाबाइटच्या खालच्या भागात हुडकावा लागे. विंडोजने २००३ च्या सर्व्हर आवृत्तीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून तो दरवाजा साध्या प्रोग्रॅमसाठी बंद केला आणि त्याऐवजी गेट-सिस्टिम-फर्मवेअर-टेबल हे फंक्शन दिलं. पहिल्या पॅरामीटरमध्ये 'आरएसएमबी' ही चार अक्षरं (इंग्रजी मोठ्या लिपीत, एकेरी अवतरणात), दुसऱ्यात शून्य. आधी रिकामं बफर देऊन बोलवा, किती बाइट लागतील ते परत येतं. तेवढी मेमरी मॅलॉकने घ्या आणि पुन्हा बोलवा. अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागत नाहीत, ही यातली सर्वांत मोठी सोय. दुकानातला दिवाणजी साध्या खात्यातून काम करत असला तरी चालतं.

परत आलेल्या बफरचे पहिले ८ बाइट विंडोजचे असतात: ४ बाइट आवृत्तीबिवृत्तीचे आणि ४ बाइट पुढच्या तक्त्याची लांबी. त्यापुढे एकामागून एक नोंदी. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट प्रकार सांगतो, दुसरा लांबी, आणि तिसरा-चौथा मिळून एक हँडल, म्हणजे त्या नोंदीचा क्रमांक. प्रकार १ म्हणजे संपूर्ण कॉम्प्युटर, २ म्हणजे मदरबोर्ड, १७ म्हणजे रॅमची पट्टी, १२७ म्हणजे तक्ता संपला.

मुलं अडकतात ती पुढच्या पायरीवर. मदरबोर्डच्या नोंदीची सुरुवात समजा अशी आहे: २, १५, २, ०, १, २, ३, ४, ५. शून्यापासून मोजलं तर सातव्या जागी ४ आहे. सिरीयल नंबर '४' आहे असं नाही. त्याचा अर्थ, या नोंदीच्या मागे जोडलेल्या मजकुरांपैकी चौथा मजकूर म्हणजे सिरीयल नंबर. ते मजकूर नोंदीच्या १५ बाइटनंतर लगेच सुरू होतात: पहिला, मग शून्य बाइट, दुसरा, शून्य बाइट, असं करत शेवटी आणखी एक शून्य. त्या जागी ० असेल तर मजकूरच दिलेला नाही. म्हणजे चौथा हवा तर तीन शून्य बाइट ओलांडून पुढे जायचं. पुढची नोंद कुठे सुरू होते हेही असंच कळतं, लागोपाठ दोन शून्य बाइट सापडले की त्यानंतर. जिला एकही मजकूर नाही अशा नोंदीमागेही दोन शून्य असतातच.

हे सी मध्ये लिहिताना काही गोष्टी सांभाळा. पॉइंटर अनसाइन्ड कॅरचा घ्या. साधा कॅर घेतलात तर १२७ पेक्षा मोठा बाइट छापताना ऋण होतो आणि दोन अंकांच्या जागी आठ अंकांचं लांबलचक शेपूट दिसतं. यूयूआयडी, म्हणजे कॉम्प्युटरचा १६ बाइटचा ओळख क्रमांक, छापताना हमखास होतं हे. नोंदीची लांबी ४ पेक्षा कमी निघाली तर तिथेच थांबा, कारण स्वस्तातल्या बोर्डांवर बायोसचा तक्ता बिघडलेला असू शकतो आणि लांबी शून्य आली तर तुमचा लूप संपायचा नाही. एखाद्या जागचा बाइट वाचण्याआधी ती जागा लांबीच्या आत आहे का ते पाहा. आणि दर पायरीला बफरचा शेवट ओलांडला नाही ना, हे तपासा. पंधरा-वीस ओळींचा लूप आहे, पण निम्म्या ओळी या राखणीच्याच असतील, आणि त्या तशाच असायला हव्यात.

प्रकार १ च्या नोंदीत आठव्या जागेपासून १६ बाइटचा यूयूआयडी असतो. तो छापताना पहिले तीन गट उलट्या क्रमाच्या बाइटचे असतात. पहिले ४ उलटे, मग २ उलटे, मग २ उलटे, आणि उरलेले ८ सरळ. हे नाही पाळलं तर तुमचा नंबर विंडोजने दाखवलेल्या नंबराशी जुळत नाही आणि आपण उगाच डोकं खाजवत बसतो. सगळे १६ बाइट ० किंवा सगळे २५५ असतील तर यूयूआयडी दिलेला नाही असं समजायचं. रॅमच्या नोंदीत, म्हणजे प्रकार १७ मध्ये, सिरीयल नंबराचा क्रमांक २४ व्या जागी असतो.

इथपर्यंत कागदावर सगळं छान आहे. पण आपल्या गावात जे कॉम्प्युटर चालतात ते बहुतेक असेंबल केलेले. ब्रँडेड मशीनवर कंपनी हा तक्ता नीट भरते. मागच्या स्टिकरवरचा नंबर आणि प्रकार १ चा मजकूर जुळतो. असेंबल केलेल्या मशीनवर भरायचं काम कुणाचंच नसतं. मग सिरीयल नंबराच्या जागी 'डिफॉल्ट स्ट्रिंग', 'टू बी फिल्ड बाय ओईएम', 'सिस्टिम सिरीयल नंबर' असली वाक्यं जशीच्या तशी मिळतात. यूयूआयडीतही ठरलेला नमुना सापडतो, ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९ हा. किती बोर्डांवर हाच आहे याला गणती नाही. याची एक काळी यादी कोडमध्ये ठेवा आणि त्यातलं काही आलं तर 'नंबर नाही' असं धरा. लॅपटॉपचं आणखी वेगळं. बायोसची चिप गेली की दुरुस्तीवाला दुसऱ्या कुठल्या तरी बोर्डाची बायोस फाइल आणून ती चिप भरतो. लॅपटॉप तोच, मालक तोच, पण तक्त्यातला नंबर भलत्याच मशीनचा.

आता डिस्क. कारखान्यात लिहिलेला खरा नंबर डिस्कच्या फर्मवेअरमध्ये (डिस्कच्या आतल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये) असतो आणि फॉरमॅटने त्याला काही होत नाही. विंडोजवर क्रिएट-फाइल वापरून 'फिजिकल-ड्राइव्ह' आणि क्रमांक असं उपकरण उघडायचं. सुरुवातीच्या दोन बॅकस्लॅशसाठी सी मध्ये चार लिहावे लागतात, हे विसरलं की फाइल सापडली नाही अशी चूक येते. दुसऱ्या पॅरामीटरमध्ये वाचण्याचा अधिकार मागू नका, सरळ ० द्या. वाचायचा अधिकार मागितलात तर अॅडमिनिस्ट्रेटर लागतो. शून्य अधिकाराने उघडलेल्या हँडलवरही डिव्हाइस-आयओ-कंट्रोलची 'स्टोरेज क्वेरी प्रॉपर्टी' ही विचारणा चालते. उत्तरात जे स्ट्रक्चर येतं त्यात सिरीयल-नंबर-ऑफसेट नावाचं एक फील्ड आहे. ते ० असेल तर नंबर नाही. नाहीतर बफरच्या सुरुवातीपासून तेवढे बाइट पुढे गेलात की नंबर सापडतो.

पण कुठल्या डिस्कचा? शून्य क्रमांकाची डिस्क म्हणजे विंडोजची डिस्क, असं गृहीत धरू नका. मालकांनी जुनी हार्ड डिस्क ठेवून नवी एसएसडी बसवली की क्रम कसाही लागतो. आधी सी ड्राइव्ह त्याच पद्धतीने उघडून 'व्हॉल्यूम डिस्क एक्स्टेंट्स' विचारा, तो कुठल्या क्रमांकाच्या डिस्कवर आहे ते कळतं. सिरीयल-नंबर-ऑफसेट ज्या स्ट्रक्चरमध्ये आहे त्यातच बस-टाइप, म्हणजे डिस्क कशी जोडली आहे ते, असतं. ते यूएसबी असेल तर डिस्क सोडून द्या, कारण यूएसबीच्या डबीतली डिस्क असेल तर पुष्कळदा डबीतल्या चिपचा नंबर येतो, डिस्कचा नव्हे.

नंबर मिळाला तरी तो स्टिकरवरच्या नंबराशी लगेच जुळेल असं नाही. साटा डिस्क 'आयडेंटिफाय'च्या उत्तरात १० ते १९ या शब्दांमध्ये २० अक्षरांचा सिरीयल नंबर देते, आणि प्रत्येक शब्दातले दोन बाइट उलटे असतात. स्टिकरवर ५२७४१६ असेल तर कच्च्या बाइटमध्ये २५४७६१ दिसतं. जुन्या विंडोजवर, म्हणजे व्हिस्टा आणि ७ वर, पुष्कळदा याच्याही पुढची गंमत दिसते: हे उलटे बाइट आकडी संकेतात, प्रत्येक अक्षराला दोन अंक असे, मांडलेले येतात, म्हणजे ३२३५३४३७३६३१. तीच डिस्क, तोच प्रोग्रॅम. पण ७ वरून १० वर गेलात की मजकूर बदललेला. म्हणून तुलना करण्याआधी नंबर एका साच्यात आणा: आजूबाजूच्या मोकळ्या जागा काढा (काही कंपन्या डावीकडे भरतात, काही उजवीकडे), ४० अंकांचा संकेत आला असेल तर तो उलगडा, जोड्या सरळ करा. २० अक्षरांच्या त्या भागात शेवटी शून्य बाइट नसतो, हेही ध्यानात ठेवा. २१ चा अॅरे घ्या आणि शेवटचा शून्य स्वतः लिहा.

एनव्हीएमई, म्हणजे साटाऐवजी नव्या पद्धतीने जोडलेल्या, एसएसडीची तऱ्हा निराळी. तिथे नंबर कंट्रोलरच्या ओळखपत्रात ४ ते २३ या बाइटमध्ये सरळ लिहिलेला असतो, उलटापालट नाही. पण वरच्या विचारणेला विंडोज बऱ्याचदा तो देतच नाही. चार-चार अंकांचे गट, मध्ये अधोरेषा आणि शेवटी टिंब अशा रूपात दुसराच ओळख क्रमांक देतं. स्टिकरशी जुळवायचं असेल तर विंडोज १० पासून 'प्रोटोकॉल स्पेसिफिक' विचारणा आहे, ती वापरून कंट्रोलरचं ओळखपत्र मागवता येतं. तुमच्या कामाला त्याची गरज नाही. नंबर स्थिर आहे, एवढं तुम्हाला पुरे. स्टिकरशी जुळणं वॉरंटीच्या कामाला लागतं.

नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्यावर (कार्डाच्या ओळख क्रमांकावर) फार विसंबू नका. गेट-अॅडॅप्टर्स-अॅड्रेसेस तो देतं, पण यादीत ब्लूटूथ, व्हीपीएन आणि आभासी कार्डंही येतात, वायफायचा पत्ता विंडोज दर वेळी वेगळा दाखवू शकतं, आणि तो बदलणं सेटिंगमधली एक ओळ आहे. पहिल्या बाइटचा उजवीकडून दुसरा बिट १ असेल तर तो पत्ता कारखान्याचा नाही, एवढी खूण पुरे. शिवाय डेस्कटॉपचं नेटवर्क कार्ड मदरबोर्डवरच असतं. त्यामुळे बोर्ड आणि मॅक हे दोन वेगळे पुरावे नव्हेत. बोर्ड बदलला की दोन्ही एकदमच जातात.

विंडोज बसवताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, 'मशीन-जीयूआयडी' हा त्या विंडोजचा ओळख क्रमांक लिहिला जातो. तो हार्डवेअरचा नाही, पण उपयोगी आहे. ३२ बिट प्रोग्रॅममधून वाचत असाल तर ६४ बिट रजिस्ट्री पाहायची असा झेंडा (फ्लॅग) द्यावा लागतो, नाहीतर ती नोंद सापडत नाही आणि मग 'माझ्या लॅपटॉपवर चालतं' हे पालुपद सुरू होतं. दुकानदाराने विंडोजची एकच तयार इमेज सिसप्रेप न करता (म्हणजे तिची जुनी ओळख न पुसता) सगळ्या मशीनवर ओतली असेल तर सगळीकडे हा एकच असतो.

लिनक्सवर काम असेल तर बरंच सोपं आहे. सिस फाइल सिस्टिममध्ये क्लास, डीएमआय, आयडी या फोल्डरात एकेक नंबर साध्या फाइलसारखा एफ-ओपनने वाचता येतो. मात्र सिरीयल नंबर आणि यूयूआयडीच्या फाइल फक्त रूटलाच वाचता येतात. बोर्डाचं नाव, कंपनी वगैरे सगळ्यांना. एनव्हीएमईचा नंबर सिस मध्येच रूटशिवाय मिळतो. रास्पबेरी पायवर डिव्हाइस ट्रीमध्ये खराखुरा सिरीयल नंबर असतो. आभासी मशीनवर काय काय येईल सांगता येत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये कॉम्प्युटरचा सिरीयल नंबर म्हणून सरळ '०' मिळतो.

एक आडवाट मुलं हमखास धरतात: सिस्टिम किंवा पी-ओपन वापरून डब्ल्यूएमआयसी ही कमांड चालवायची आणि तिचं उत्तर वाचायचं. करू नका. नव्या विंडोज ११ वर ती कमांड आधीपासून बसवलेली नसते. असली तरी काळी खिडकी क्षणभर चमकते आणि मालक विचारतात, व्हायरस आहे काय. आणि तुमच्या फोल्डरात त्याच नावाची दुसरी फाइल ठेवून हवा तो नंबर छापून घेणं कुणालाही जमतं.

आता मूळ कामाकडे, कुलपाकडे. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत सुताची धूळ पंख्यात बसते, बाजार समितीत कांद्याची साल आणि माती. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) जातो, जाताना बोर्डालाही घेऊन जातो. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाचं हार्डवेअर बदलणार, हे धरूनच चालायचं. एकाच नंबरावर कुलूप लावलंत तर ऐन आवकेच्या दिवसांत, लिलाव सुरू व्हायच्या आधी, पहाटे फोन येईल, आणि बाहेर शेतकरी पट्टीसाठी उभे असतील. त्या वेळी तुमचं कुलूप बरोबर आहे हे समजावून सांगायची सोय नसते.

मी चार खुणा घेतो: मदरबोर्डवरच्या तक्त्यातला (प्रकार १ चा) यूयूआयडी, विंडोजच्या डिस्कचा सिरीयल नंबर, रॅमच्या पट्टीचा सिरीयल नंबर आणि मशीन-जीयूआयडी. चारपैकी दोन जुळल्या तर प्रोग्रॅम चालू. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. बोर्ड बदलला तर डिस्क, रॅम आणि जीयूआयडी उरतात. नुसतं फॉरमॅट झालं तर फक्त जीयूआयडी जातो. डिस्क जळाली तर डिस्क आणि जीयूआयडी दोन्ही एकदम जातात, कारण नव्या डिस्कवर विंडोजही नवंच. तरी बोर्ड आणि रॅम उरतात. तीन खुणा घेऊन दोन जुळायला हव्यात असं ठेवलं असतं, तर रॅम वगळल्यावर इथेच कुलूप लागलं असतं. आणि पाहुण्यांच्या गाळ्यात फोल्डर नेला तर एकही खूण जुळत नाही. डिस्कच काढून दुसऱ्या मशीनला लावली तर दोन जुळतात आणि प्रोग्रॅम चालतो. तेवढं चालू द्यावं, दुरुस्तीवाले तेच करतात.

एक नियम मात्र कडक पाळा: रिकामी खूण रिकाम्या खुणेशी जुळली तर ती जुळली असं मोजायचं नाही. स्वस्त रॅमवर नंबर बऱ्याचदा नुसती शून्यं असतो, बोर्डावर वर सांगितलेला नमुना. हे न पाळल्यास गावातले निम्मे असेंबल केलेले कॉम्प्युटर एकमेकांचे जुळे भाऊ ठरतील. आणि एखाद्या मशीनवर खऱ्या खुणा दोनच मिळाल्या, तर तिथे दोन्ही जुळायला हव्यात. अशा गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा की दुरुस्तीनंतर फोन करावा लागेल.

मूळ नंबर कुठेही साठवू नका, पाठवू तर नकाच. प्रत्येक खुणेचा तुमच्या प्रोग्रॅमपुरत्या ठरावीक मजकुरासह एसएचए-२५६ (ज्यावरून मूळ नंबर उलट काढता येत नाही असा ठसा) काढा आणि त्यातले फक्त २० बिट ठेवा. २० बिट म्हणजे दहा लाखांहून थोडे अधिक पर्याय; एका खुणेचा योगायोग दहा लाखांत एक, आणि आपल्याला दोन हव्यात. कुणाच्या मशीनचा खरा नंबर आपल्याकडे नसलेलाच बरा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आल्यापासून तर ही सवय लावून घ्याच.

२० बिट म्हणजे ५ बिटांची ४ अक्षरं. चार खुणांची मिळून १६ अक्षरं, चार-चारच्या गटांत. शून्य आणि ओ, एक आणि आय असली गोंधळाची जोडी ज्यात नाही अशी ३२ चिन्हं निवडा आणि शेवटी एक तपासणीचं अक्षर जोडा. दिवाणजी फोनवरून ही ओळ वाचून दाखवू शकतात, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवू शकतात. तुम्ही तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर त्या ओळीला खासगी किल्लीने (फक्त तुमच्याकडे असलेल्या गुप्त आकड्याने) डिजिटल सही करून छोटी लायसन फाइल परत पाठवायची. प्रोग्रॅममध्ये फक्त सार्वजनिक किल्ली असते, जिने सही तपासता येते पण करता येत नाही, म्हणून प्रोग्रॅम कुणी उघडून पाहिला तरी नवी लायसन फाइल बनवता येत नाही. त्यासाठी ईडी२५५१९ ही सहीची पद्धत चांगली, सही ६४ बाइटचीच होते आणि सी मध्ये तयार लायब्ररी मिळतात. सहीचं गणित स्वतः लिहू नका.

ज्याला येतं तो एक्झी फाइलमधली तुलनेची सूचनाच बदलून कुलूप उघडेल, त्यावर सिरीयल नंबरात काही इलाज नाही. पण तुमचा सामना पेनड्राइव्हवर फोल्डर नेणाऱ्या पाहुण्यांशी आहे, आणि तेवढ्याला हे पुरतं. खुणा जुळल्या नाहीत तरी प्रोग्रॅम लगेच बंद करू नका. सात दिवस पट्ट्या निघू द्या, वर एक ओळ दाखवत राहा. बंद करायची वेळ आलीच तर नवी पट्टी बंद करा. जुना हिशोब पाहणं आणि छापणं चालूच ठेवा, कारण तो डेटा शेतकऱ्याचा आणि मालकांचा आहे.

सुरुवात म्हणून या चार खुणा फक्त छापणारा एक वेगळा छोटा प्रोग्रॅम करा. दुकानातल्या दोन्ही मशीनवर आणि नव्या पेठेतल्या एखाद्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे आलेल्या पाच-सहा मशीनवर, त्याला विचारून, चालवून पाहा. काळी यादी त्यातून आपोआप वाढत जाईल.